कन्सोलचे कुलूप कोणासाठी असावे?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका रविवारी तुम्हाला सोनीच्या प्लेस्टेशन ३ या गेमच्या यंत्राचे चार यूएसबी खाचांचे जुने, जाड मॉडेल मिळाले. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अदर ओएस’ हा पर्याय अजून दिसतो, आणि नव्या गेमची डिस्क टाकली की ते अपडेट मागते. ते करावे की नाही, हा लहान भाग, आणि त्याचे उत्तर मी शेवटी देणार आहे. मोठा भाग असा : हॅकिंग, होमब्रू आणि जुने गेम नव्या यंत्रावर चालावेत ही मागणी, या तिन्हींना कन्सोल, म्हणजे अशी गेमची यंत्रे, बनवणाऱ्या कंपन्यांनी कसे तोंड द्यावे; कंपनीने मंजूर न केलेले काहीही यंत्रावर चालू न देणारे कुलूप आणखी पक्के करावे, की काढूनच टाकावे?

यातली खरी अडचण माझ्या मते अशी आहे की कंपन्या ‘हॅकर’ या एका शब्दात तीन वेगळी माणसे कोंबतात. पहिला, गेमच्या नकला करून विकणारा. दुसरा, स्वतः लिहिलेला प्रोग्राम स्वतःच्या यंत्रावर चालवू पाहणारा. होमब्रू म्हणतात ते याचेच काम. तिसरा, कपाटात पडलेल्या जुन्या डिस्क आजही खेळता याव्यात एवढेच म्हणणारा साधा गिऱ्हाईक. तिघांनाही तेच कुलूप आडवे येते म्हणून तिघेही एकाच दारावर येऊन उभे राहतात. आणि ते कुलूप उघडण्याची अक्कल, चिकाटी व फुरसत त्या तिघांपैकी बहुतेक वेळा फक्त दुसऱ्याकडे असते. माझे पुढचे सगळे म्हणणे या एका निरीक्षणावर उभे आहे.

माझी पार्श्वभूमी आधी सांगतो. मी पुण्यात वीसेक वर्षे फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्रात कायम भरलेल्या मूळ प्रोग्रामच्या, सुरक्षेचे काम करतो, मुख्यतः सेट-टॉप बॉक्स आणि कार्ड स्वाइप करण्याची यंत्रे. कन्सोल कंपनीत मी कधी नोकरी केलेली नाही. मात्र दाराची दुसरी बाजू मी पाहिलेली आहे : इंजिनिअरिंगला असताना, २००४-०५ च्या सुमारास, बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका दुकानात मी संध्याकाळी प्लेस्टेशन २ मध्ये मॉडचिप, म्हणजे कुलपाला चकवणारी चिप, बसवत असे. केसासारख्या बारीक वीसेक तारांना भिंगातून पाहत एकेक करून डाख द्यायचा, आणि झाकण लावताना त्यांतली एखादी स्क्रूच्या खांबाखाली चिरडली की सगळे पुन्हा उघडायचे. येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला शंभर-सव्वाशे रुपयांची नकललेली डिस्क चालवायची होती, कारण मूळ डिस्क हजार-दीड हजारांच्या पुढे होती आणि ती गावात मिळेलच याची खात्री नव्हती. यात अभिमान वाटण्यासारखे काही नाही, पण एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. त्या गिऱ्हाइकांपैकी एकालाही ती चिप घडवता आली नसती, आमच्या दुकानदारालाही नाही आणि मलाही नाही. आम्ही सगळे दुसऱ्या कुणाच्या तरी हुशारीवर जगत होतो.

कुलूप मुळात का आले, हेही पाहायला हवे, नाहीतर कंपन्यांवर अन्याय होईल. १९८३ मध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, त्याचे एक कारण कोणीही कसलेही गेम काढून विकत होते हे होते. त्यानंतर १९८५ मध्ये निन्टेंडोने अमेरिकेत जे यंत्र आणले त्यात कुलपाची एक चिप बसवली. कार्ट्रिजमध्ये जोडीची चिप नसेल तर यंत्र सुरूच होत नसे. त्याच यंत्राची १९८३ ची जपानी आवृत्ती, फॅमिकॉम, हिच्यात ती चिप नव्हती. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी जे ‘टीव्ही गेम’ आले ते बहुतांशी फॅमिकॉमच्याच नकला होते, आणि त्यांतली पिवळी कार्ट्रिज कुठल्याही यंत्रात कशी चालत असत याचे उत्तर त्या एका न बसवलेल्या चिपमध्ये आहे. पुढे कुलपामागची कारणे वाढत गेली. यंत्र स्वस्तात, प्रसंगी तोट्यात विकायचे आणि प्रत्येक गेममागे मिळणाऱ्या रॉयल्टीतून ते भरून काढायचे, हा या धंद्याचा जुना हिशोब आहे. आणि ऑनलाइन खेळ आल्यापासून एकाच्या फोडलेल्या यंत्रामुळे समोरच्या दहा जणांचा खेळ नासतो, हेही कारण खोटे नाही. त्यामुळे ‘कुलूप काढूनच टाका’ हे उत्तर सरसकट देता येत नाही. पीसीवरचे गेम ऑनलाइन विकणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०२२ मध्ये आणलेले स्टीम डेक हे यंत्र उघडे आहे, त्यावर लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि मालकाला हवे ते करता येते. पण त्यांचे दुकान कोट्यवधी पीसींवर आधीपासून चालत होते, आणि ज्या कंपनीचे दुकान फक्त तिच्या यंत्रातच आहे तिला तो हिशोब जसाच्या तसा लागू पडत नाही.

आता तुमच्या यंत्राची गोष्ट, कारण या विषयातले सगळे धडे तिच्यात आहेत. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आले तेव्हा सोनीने स्वतःहून त्यावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याची सोय दिली होती, आणि तुम्हाला दिसतो तो पर्याय तीच सोय होय. ग्राफिक्स चिपचा पूर्ण ताबा मिळत नसे, पण यंत्राचा सेल नावाचा मुख्य प्रोसेसर वापरता येई. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने सतराशेहून अधिक प्लेस्टेशन ३ जोडून एक महासंगणक उभा केला, तो याच सोयीच्या जोरावर. ज्या शहरात सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तिथल्या माणसाला साध्या प्रोसेसरांची मोळी बांधण्यातली गंमत वेगळी सांगायला नको. ही सोय होती तोवर, म्हणजे तीनहून अधिक वर्षे, प्लेस्टेशन ३ चे कुलूप शाबूत राहिले, तर त्याच काळात बाजारात असलेली निन्टेंडोचे वी आणि मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० ही यंत्रे फुटली होती.

२००९ च्या सडपातळ मॉडेलमधून सोनीने ती सोय काढली. जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुणाने, याच लिनक्सच्या वाटेने आणि बोर्डवर विजेचा एक झटका नेमक्या क्षणी देऊन, हायपरवायझरच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमवरही पहारा ठेवणाऱ्या सर्वांत आतल्या थराच्या, आत शिरकाव मिळवल्याचे जाहीर केले. इथे सोनीची भीती निराधार नव्हती हे मान्य करायला हवे. वाट खरोखर तिथूनच गेली होती. पण १ एप्रिल २०१० ला आलेल्या ३.२१ या अपडेटने तिने आधी विकलेल्या यंत्रांतूनही ती सोय काढून घेतली, आणि मालकांपुढे दोनच पर्याय ठेवले : अपडेट करा आणि लिनक्स गमवा, किंवा करू नका आणि ऑनलाइन सेवा व नवे गेम गमवा. ऑगस्टमध्ये यूएसबीत खोचायचे पहिले जेलब्रेक, म्हणजे कुलूप फोडणारे साधन, विकायला आले. डिसेंबरमध्ये बर्लिनच्या एका परिषदेत फेलओव्हरफ्लो या गटाने दाखवले की प्रोग्राम आपलाच आहे हे यंत्राला पटवणाऱ्या डिजिटल सह्या करताना सोनीने एक प्राथमिक चूक केली आहे. त्या पद्धतीत प्रत्येक सहीसाठी नवी यादृच्छिक संख्या घ्यावी लागते. सोनी दर वेळी तीच वापरत होती. दोन सह्या हातात आल्या की दोन समीकरणे आणि दोन अज्ञात संख्या, म्हणजे आठवी-नववीच्या बीजगणिताच्या धर्तीवर सही करण्याची गुप्त संख्या, म्हणजे खासगी किल्ली, काढता येते. काही दिवसांतच, जानेवारी २०११ मध्ये, हॉट्झने मूळ किल्लीच प्रसिद्ध केली, सोनीने दावा लावला, आणि तो तडजोडीने मिटेपर्यंत किल्ली जगभर पसरली होती. काढून घेतलेल्या सोयीबद्दल अमेरिकेतल्या ग्राहकांनी लावलेला दावा तर पुढे अनेक वर्षे चालून तडजोडीने संपला.

त्या परिषदेतले म्हणणे असे होते की यंत्रे बहुधा लिनक्स आणि होमब्रूसाठी फोडली जातात, आणि चोरी त्या फोडलेल्या वाटेने मागून येते. हे शंभर टक्के सिद्ध करता येणारे विधान नाही. पण तपकीर गल्लीत मी जे पाहिले त्याच्याशी ते जुळते, आणि पुढे माझ्या नोकरीतही ते जुळले.

तो प्रसंग थोडक्यात. आम्ही एका ग्राहक कंपनीसाठी सेट-टॉप बॉक्सचे फर्मवेअर लिहिले होते. सीरियल पोर्टचे, म्हणजे बाहेरून संगणक जोडायच्या जागेचे, तीन ठिपके बोर्डवर तसेच सोडा, सेवा केंद्राला लागतात, असा त्यांचा आग्रह होता. आम्ही विरोध नोंदवला आणि मान तुकवली. वर्षभराने बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे मला आमचाच बॉक्स उघडा पडलेला दिसला, ठिपक्यांवर तीन तारा, आणि लॅपटॉपवर आमच्या बूटलोडरचा, म्हणजे बॉक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, मजकूर सरकत होता. मला वाटले, हा फुकट चॅनेल उघडतो आहे. मी ओळख न देता विचारले तेव्हा तो म्हणाला, “साहेब, चॅनेलचं कोणाला पडलंय? लाइट गेली की याची मेमरी करप्ट होते, कंपनी नवा बॉक्स घ्या म्हणते. मी जुना जिवंत करून देतो.” आम्ही पुढच्या आवृत्तीत पोर्ट बंद केला, पण त्याबरोबर पेन ड्राइव्हवरून आमची सही असलेले फर्मवेअर पुन्हा भरण्याची एक साधी सोयही दिली. त्यानंतर त्या मॉडेलचे कुलूप फोडण्याच्या खटपटी आमच्या कानांवर जवळजवळ आल्याच नाहीत. फक्त पोर्ट बंद करून थांबलो असतो, तर तोच माणूस महिन्याभरात दुसरी वाट शोधून बसला असता, आणि ती वाट मग चॅनेल चोरणाऱ्यालाही सापडली असती.

कुलूप अभेद्य करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. ज्या यंत्राचा मालकच हल्लेखोर असू शकतो आणि ज्याला वेळेची मर्यादा नाही, तिथे ते फार अवघड आहे. चूक किती लहान असू शकते ते वी मध्ये पाहा. सही तपासताना दोन हॅश (फाइलवरून गणिताने काढलेले ठसे) जुळतात का हे बघण्यासाठी तिथल्या कोडने सी भाषेतले मजकुराची तुलना करणारे फंक्शन वापरले होते, आणि ते फंक्शन शून्य बाइट दिसला की मजकूर संपला असे समजून थांबते. म्हणून सहीच्या जागी नुसती शून्ये भरली आणि फाइलमधला एखादा बिनकामाचा आकडा बदलत बदलत हॅशचा पहिला बाइट शून्य आणला, की तुलना पहिल्याच पावलावर थांबून ‘जुळले’ असे उत्तर येई. बाइटच्या २५६ शक्यता, म्हणून सरासरी २५६ प्रयत्न. लॅपटॉपला त्याला क्षणही लागत नाही. ही चूक निदान अपडेटने दुरुस्त करता आली. एप्रिल २०१८ मध्ये निन्टेंडो स्विचच्या टेग्रा चिपमध्ये उघडकीस आलेली चूक बूट रॉममध्ये, म्हणजे चिपमध्ये कारखान्यातच कोरलेल्या सुरुवातीच्या कोडमध्ये, होती, आणि रॉम बदलता येत नसल्यामुळे तोवर विकलेले प्रत्येक यंत्र कायमचे उघडे राहिले. उजव्या जॉय-कॉनच्या, म्हणजे काढता येणाऱ्या कंट्रोलरच्या, पट्टीतले दोन संपर्क तारेच्या तुकड्याने जोडून यंत्र दुरुस्तीच्या मोडमध्ये सुरू केले की यूएसबीवरून आत शिरता येई.

याउलट २०१३ च्या एक्सबॉक्स वनमध्ये चोरीचे गेम चालवणारी वाट दहा वर्षांहून अधिक काळ सापडली नाही. त्यामागे मायक्रोसॉफ्टची रचना आहे, कारण तिने मुख्य चिपच्या बाहेरच्या कशावरही, म्हणजे रॅम, हार्ड डिस्क किंवा डिस्क ड्राइव्हवर, विश्वास ठेवला नाही. पण २०१६ पासून दुकानातून घेतलेल्या कुठल्याही एक्सबॉक्स वनला ‘डेव्हलपर मोड’मध्ये नेऊन स्वतःचे प्रोग्राम चालवण्याची मुभाही तिने दिली, सुरुवातीला एकदाच सुमारे १९ डॉलर भरून. या दोहोंतला कुठला भाग किती उपयोगी पडला हे मोजण्याचे साधन माझ्याकडे नाही. माझा अंदाज असा की दुसऱ्या गोष्टीने पहिलीवरचा ताण कमी केला. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने सामान्य मोडमध्ये चालणाऱ्या इम्युलेटरांवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामांवर, बंदी घातली तेव्हा आरडाओरडा झाला, पण ते डेव्हलपर मोडमध्ये चालतच राहिले, आणि चिडलेल्या मंडळींना कुलूप फोडायला बसण्याचे कारण मिळाले नाही.

तेव्हा होमब्रूबाबत माझा सल्ला असा राहील : मुख्य दाराला कुलूप असू द्या, पण अंगणातली एक खोली मालकाला मोकळी द्या, आणि ती पहिल्या दिवसापासून द्या. तिथे विकत घेतलेल्या गेमच्या किल्ल्या नसाव्यात, ऑनलाइन स्पर्धेत प्रवेश नसावा, मेमरीही थोडी कमी चालेल. मात्र ग्राफिक्स चिप अर्धवट झाकून ठेवण्याची सोनीची चूक करू नये, कारण अर्धवट उघडलेली खोली भिंतीपलीकडे काय आहे याची उत्सुकताच वाढवते. आणि एकदा दिलेली सोय परत घेऊ नये. तिच्यातून धोका निर्माण झाला तर भोक बुजवावे, खोली पाडू नये. त्याच्या जोडीला, चूक शोधून देणाऱ्याला पैसे देण्याची पद्धत आता तिन्ही कंपन्यांनी स्वीकारली आहे. निन्टेंडोने ती २०१६ मध्ये थ्रीडीएस या हातात धरायच्या यंत्रासाठी सुरू केली, आणि सोनीने २०२० मध्ये प्लेस्टेशन ४ मधल्या गंभीर चुकीसाठी ५०,००० डॉलरपासून पुढे बक्षीस जाहीर केले. कोर्टकचेरीपेक्षा हे स्वस्त पडते.

जुन्या गेमची मागणी मात्र अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तिथे इच्छा असूनही हात बांधलेले असू शकतात. तुमच्या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत प्लेस्टेशन २ चा प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप प्रत्यक्ष बसवलेली होती. किंमत उतरवण्यासाठी आधी प्रोसेसर गेला, मग दोन्ही गेले. म्हणून चार यूएसबीची मॉडेले प्लेस्टेशन २ च्या डिस्क कमी-अधिक प्रमाणात चालवतात आणि दोन यूएसबीची चालवत नाहीत. पुढे प्लेस्टेशन ४ मध्ये सोनीने साधा एक्स८६ प्रोसेसर घेतला, आणि सेलसारख्या विचित्र प्रोसेसरची नक्कल त्यावर पुरेशा वेगाने करणे परवडण्यासारखे नव्हते. प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ चे जवळपास सगळे गेम चालतात, कारण दोन्ही चिपा एकाच घराण्यातल्या आहेत. म्हणजे या मागणीचे उत्तर पुष्कळदा पुढच्या यंत्राची चिप निवडण्याच्या दिवशीच ठरून गेलेले असते, आणि त्या बैठकीत जुन्या गेमची बाजू मांडणारा एखादा माणूस असावा लागतो.

दुसरा अडसर परवान्यांचा. एखाद्या जुन्या मोटारींच्या गेममध्ये गाणी एकाची, मोटारींची नावे दुसऱ्याची, आणि मूळ प्रकाशक बुडालेला, अशी अवस्था असते. मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून जुने गेम एकेक करून एक्सबॉक्स वनवर आणले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये आणखी ७६ जोडून, परवाने व तांत्रिक अडचणींमुळे आता थांबतो, असे सांगितले. ते मला प्रामाणिक वाटले. निन्टेंडोने २७ मार्च २०२३ ला थ्रीडीएस आणि वी यू यांची ऑनलाइन दुकाने बंद केली, ते मला खटकले, कारण फक्त तिथेच मिळणारे गेम त्या दिवसानंतर पैसे देऊनही मिळेनासे झाले. सोनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ चे दुकान बंद करण्याची घोषणा केली होती, ती ओरड झाल्यावर महिन्याभरात मागे घेतली. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजले तेव्हा तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नव्हते. जे विकतच नाही त्याची नक्कल केल्याने कंपनीचे किती नुकसान होते, याचा हिशोब ज्याने त्याने करावा. गंमत म्हणजे सोनीने २०१८ मध्ये प्लेस्टेशन क्लासिक हे छोटे यंत्र विकले, त्यात जुने गेम चालवण्यासाठी वापरला होता तो हौशी मंडळींनी लिहिलेला मुक्त स्रोत इम्युलेटरच.

जिथे जुने गेम चालवून देणे शक्य नाही तिथे निदान यंत्राला मरू देऊ नये. प्लेस्टेशन ४ मध्ये घड्याळाचा बारका सेल संपला आणि कंपनीचा सर्व्हर हाताशी नसेल, तर डिस्कवरचा गेमसुद्धा सुरू होत नसे, कारण ट्रॉफीची, म्हणजे गेममध्ये मिळणाऱ्या पदकाची, वेळ पडताळता येत नसे. सोनीने सप्टेंबर २०२१ च्या ९.०० या अपडेटमध्ये गाजावाजा न करता ते दुरुस्त केले. सेवा बंद करण्याआधी काढायच्या शेवटच्या अपडेटमध्ये अशा सगळ्या गाठी सोडवून द्याव्यात, ही माझ्या मते किमान अपेक्षा आहे. कंपन्यांच्या नव्या करारांत मात्र उलटी हवा दिसते. निन्टेंडोने मे २०२५ मध्ये बदललेल्या अटींत, नियम मोडल्यास यंत्र निकामी करण्याचा हक्क राखून ठेवला. नकला विकणाऱ्यावर दावा लावा, त्याला माझी हरकत नाही. घरात ठेवलेले, पैसे मोजून घेतलेले यंत्र दुरून बंद पाडण्याची धमकी मात्र तिसऱ्या माणसालाही पहिल्याच्या रांगेत नेऊन उभे करते.

कायद्याबद्दल दोन ओळी, वकील नसलेल्या माणसाच्या. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ संरक्षक उपाय मोडण्याला गुन्हा ठरवते, पण तो हक्कभंग करण्याच्या हेतूने मोडला असेल तर. आणि सुरक्षा चाचणी व सांकेतिक लिपीच्या संशोधनासारख्या कामांना त्यात सूट आहे. म्हणजे आपल्या कायद्याने निदान कागदावर त्या तीन माणसांत फरक केलेला आहे.

आता तुमचे यंत्र. ते ३.१५ किंवा त्याआधीच्या आवृत्तीवर असणार, नाहीतर तो पर्याय दिसला नसता. अपडेट एकदा केले की तो परत येत नाही, आणि नव्या गेमच्या डिस्कवरच अपडेट भरलेले असल्यामुळे विचारल्यावर घाईने ‘हो’ म्हणू नका. यंत्र तुमच्या होकाराशिवाय ते करणार नाही. नवे गेम आणि दुकान हवे असेल तर दोन यूएसबीचे दुसरे यंत्र स्वस्तात मिळते, त्यावर ते सगळे करा. हे जाड मॉडेल लिनक्ससाठी आणि प्लेस्टेशन २ च्या डिस्कसाठी ठेवा. आधीच्या मालकाचे सेव्ह त्यात असतील तर जेवढे जातील तेवढे पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, कारण हार्ड डिस्कवरचा मजकूर त्याच यंत्राच्या किल्लीने बंद केलेला असतो आणि बोर्ड गेला की ती डिस्क दुसरीकडे वाचता येत नाही. या मॉडेलांचे बोर्ड उष्णतेने जातात, तेव्हा उघडून धूळ काढा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदला, आणि उघडलेच आहे तर घड्याळाचा सीआर२०३२ सेलही नवा टाका. तो तारांसकट येतो. तपकीर गल्लीत मागा, नुसता सेल घेऊन त्यावर डाख देण्याच्या फंदात पडू नका.